फोटो टाकला, दहा औषधं मिळाली. रोग कोणता ते कुणीच सांगितलं नाही

गच्चीवाली_मुलुंड

आमच्या भागातल्या झाडवेड्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. बाल्कनीत चार कुंड्या असलेल्यांपासून सोसायटीच्या गच्चीवर पालक-माठ पिकवणाऱ्यांपर्यंत सगळे त्यात आहेत. शहापूर, कर्जत, वसईकडे शेती असलेलेही काही जण आहेत. बिया, कटिंग, जास्तीचं गांडूळखत यांची देवाणघेवाण जोरात चालते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती औषधोपचार विभागाबद्दल.

परवा एकीने मिरचीच्या रोपाचा फोटो टाकला. खाली एवढंच, 'पानं वळतायत, काय करू?' चहा संपायच्या आत उत्तरांचा ढीग. आंबट ताक फवारा. हिंगाचं पाणी घाला. राख भुरभुरा. एप्सम सॉल्ट. निमतेल. दालचिनीची पूड. एकाने सरळ इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लिहिलं, प्रमाण 'थोडंसं'. एका काकांनी 'कुंडी बदला' असं सांगितलं आणि सगळ्यात जास्त अंगठे त्यांनाच मिळाले.

पानं वर वळलीत की खाली, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मिरचीत पहिला प्रश्न तोच असतो ना? कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद झालं तर बहुधा कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. आणि नवी पानं बारकी, सुरकुतलेली, पिवळट, गुच्छासारखी येत असतील तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर काहीही फवारा, झाड सुधारत नाही. उपटून टाकायचं, म्हणजे निदान बाजूची रोपं वाचतात. आणि ते 'थोडंसं' इमिडाक्लोप्रिड? त्याने कोळी मरतच नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. त्या बाईंनी पुढे काय केलं, मिरची जगली का, कुणालाच ठाऊक नाही. ग्रुपवर उपायांचा पाऊस पडलाय, पण 'हे करून बघितलं, फरक पडला नाही' असा मेसेज मला शोधूनही सापडत नाही.

तुमच्या ग्रुपवर काय चालतं? आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवरही असंच असतं का?

चष्मेबहाद्दर

आमच्या ग्रुपवर एकाने लिंबू-मिरची बांधायला सांगितलं होतं. मिरचीच्याच झाडाला.

वसईचा_वाडीवाला

ताई, बाल्कनीपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आमच्या बाजूने बघा.

माझं वांगं दीड एकर. एका सकाळी शेंडे माना टाकायला लागले. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, हे मला फोटो न टाकताही कळतं. प्रश्न असतो की या वेळी काय मारायचं, कारण मागच्या वेळचं औषध आता लागू पडत नाही. कृषी सहायकाकडे गावं किती, तो रोज माझ्या बांधावर कसा येणार? मग उरतो दुकानदार. दुकानातला सल्ला फुकट मिळतो म्हणतात, पण त्याचे पैसे बाटलीत धरलेले असतात. जे शिल्लक असतं तेच 'एक नंबर रिझल्ट' असतं. त्यामुळे ग्रुपवर विचारतो. आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर तीन-चार जण असे आहेत की त्यांनी सांगितलं म्हणजे डोळे झाकून ऐकावं. ते आधी विचारतात, मागची फवारणी कधी आणि कशाची? तोडा कधी आहे? म्हणजे प्रश्न विचारणारे आमच्याकडे आहेत.

गंमत होते ती मिश्र ग्रुपवर. मी वांग्याची अळी विचारली तर अंधेरीच्या एका ताईंनी लसूण वाटून फवारायला सांगितलं. दीड एकराला लसूण घालायचा तर लसणाचाच धंदा बरा. उलट बाजूनेही तेच. मी पंधरा लिटरच्या पंपाचं प्रमाण लिहितो आणि कुणीतरी तेच दोन लिटरच्या बाटलीत ओतणार. म्हणून कुंडीवाल्यांना मी औषधाचं नाव सांगणं बंद केलं आहे.

गच्चीवाली_मुलुंड

दादा, हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता आला. एकाच फोटोला दोघांची उत्तरं वेगळी असणार, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी तुळशीची चार पानं खुडून टाकली तर काम भागतं. तुम्हाला दीड एकर खुडता येत नाही. पण चार पानांच्या तुळशीवर, जी आपण रोज तोंडात टाकतो, शेतातलं औषध मारायचं काही कारण नाही.

डोंबिवलीचे_काका

कृषी खात्यातून निवृत्त झालो, नोकरी सगळी ठाणे-पालघर पट्ट्यात गेली. आता मुलगा, सून, भाचा, सगळे मला फोटो पाठवतात, म्हणून या धाग्यावर लिहायचा हक्क बजावतो.

निदान म्हणजे आधी तीन खणांपैकी एक निवडायचा: कीड, रोग की कमतरता. आणि शहरात चौथा खण सगळ्यात मोठा असतो: पाणी, ऊन, हवा. मला येणाऱ्या कुंडीच्या फोटोंत चौथाच खण जास्त निघतो. पावसाळ्यात कुंडीच्या बुडाचं भोक बुजतं, मुळं कुजतात, झाड माना टाकतं. ते बघून लोक अजून पाणी घालतात. वरळी-वर्सोव्याच्या बाजूला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात. त्याला करपा म्हणून बुरशीनाशक मारलं जातं. जिथे मेट्रोचं किंवा इमारतीचं काम चालू आहे तिथे पानांवर धूळ बसते आणि धुळीच्या पानांवर कोळी माजतात. त्याला पहिला उपाय पाण्याचा फवारा, तोही पानाच्या खालून.

खालून हे महत्त्वाचं. पांढरी माशी, कोळी, मावा ही मंडळी बहुतेक पानाखाली बसतात आणि फोटो मात्र वरच्याच बाजूचे येतात. पूर्ण झाड एकदा, दुखणारा भाग जवळून एकदा, पान उलटं करून एकदा, असे फोटो हवेत. दिवसाउजेडी काढा. ट्यूबखाली काढलेल्या फोटोत पानाचा रंग खरा येत नाही, मग लोक नसलेली कमतरता शोधत बसतात.

पिवळेपणाचं एक सांगतो, कारण एप्सम सॉल्टचं फार पीक आलं आहे. पान पिवळं म्हणजे कोणतं पान, खालचं जुनं की शेंड्याचं नवं? नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. त्यांची टंचाई झाली की खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोह कमी पडलं की नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. शेंडा पिवळा असताना ते ओतून काय साधणार?

आणि शेजारच्या निराळ्या जातीच्या झाडांनाही त्याच दिवसांत तेच झालं असेल, तर रोगाचा विचार मागे ठेवा. रोग सहसा इतका समदर्शी नसतो.

परळकर_देवगडवाला

आमची देवगडला आंब्याची कलमं आहेत, बघतो गावचा भाऊ, सल्ले देतात मुंबईतले सगळे. घरच्या ग्रुपवर एका सकाळी भावाने मोहोराचा फोटो टाकला. मोहोर काळा पडलेला, पानांवर काजळी. बोरिवलीच्या काकांनी लगेच 'बुरशी आहे' म्हणून बुरशीनाशकाचं नाव टाकलं, कुणी यूट्यूबची लिंक, कुणी सेंद्रिय अर्काची जाहिरात. तेवढ्यात गावातला शेजारी बागेत आला. त्याने फोटो-बिटो काही बघितला नाही. मोहोराचा तुरा हलवला, तुडतुडे भराभर उडाले. म्हणाला, "मोहराक काय झाला ता हलवून बघा रे आधी."

काजळी ही खरी बुरशीच, पण ती वाढते तुडतुड्यांनी टाकलेल्या चिकट गोड पाण्यावर. तुडतुडे ठेवून नुसती काजळी मारली तर आठवड्यात परत काळं. फोटोत काजळी दिसते, तुडतुडा दिसत नाही, सगळा घोळ तिथेच.

आणखी एक. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलं तर परागीभवन करणाऱ्या माश्या जातात आणि फळधारणाच बसते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक आहे, ते भावाने आता घराच्या दारामागे चिकटवलं आहे. काकांचा नंबर म्यूट केलेला आहे, हे त्यांना सांगू नका.

चष्मेबहाद्दर

काका इथेही असले तर?

परळकर_देवगडवाला

तर ते उपाय सांगतील, मला ओळखणार नाहीत.

ठाणेकर_वऱ्हाडी

हसण्यावारी नेऊ नका, मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे म्हणून लिहितो. २०१७ साली आमच्याकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, फवारा तोंडावर येत होता, मास्क-हातमोजे कुणाकडे नव्हते. आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. ती मिश्रणं कुठून येतात? दुकानातून, शेजारच्या बांधावरून, आणि आता फोनवरून. 'ह्याच्यात हे मिसळा, जबरदस्त रिझल्ट' असा मेसेज दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

डबीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, किती प्रमाणात, आणि फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हे सगळं डबीच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्यालाच लेबल क्लेम म्हणतात. त्यात तुमचं पीक नसेल तर ते औषध तुमच्यासाठी नाही, ग्रुपवर कितीही जणांनी शपथ घेतली तरी. विषबाधा झाली तर डॉक्टरकडे तोच कागद न्यायचा, उपचार कोणता ते त्यावर असतं. औषध दुसऱ्या बाटलीत काढून ठेवणं म्हणून घातक.

वसईचा_वाडीवाला

लेबल क्लेमचं बोललात ते पटलं. द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर तर दुसरा शब्द नसतो. त्यांचा माल युरोपला जातो, औषधाचा अवशेष सापडला की अख्खा कंटेनर परत. आमच्या भाजीला तेवढं कोण तपासतं, म्हणून सगळं 'चालतंय'.

फुलपाखरू_वेडी

माझा राग वेगळाच आहे. दर पावसाळ्यात कढीपत्त्याचा, नाहीतर लिंबाचा फोटो येतो: 'पानं कुणीतरी खातंय, हा घाण प्राणी कोण?' फोटोत पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी. ती फुलपाखराची अळी असते! लहान असताना मुद्दाम तशी दिसते, म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं तर डोक्यामागून केशरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. लोक घाबरतात, फोटो टाकतात, आणि ग्रुप एकमुखाने म्हणतो: मारा.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. राज्य फुलपाखराचे फोटो डीपीला लावायचे आणि त्याच्या पिल्लांवर निमतेल! कढीपत्त्याचं झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. रोप अगदी लहान असेल तर अळी उचलून दुसऱ्या झाडावर ठेवा.

डोंबिवलीचे_काका

बाईंचं म्हणणं कुंडीपुरतं मान्य. लिंबाची रोपवाटिका असेल तर हीच अळी सगळी नवी पालवी फस्त करते, तिथे तिला कीड म्हणावंच लागतं. पुन्हा तेच, एकच फोटो, दोन उत्तरं. विचारणाऱ्याकडे झाडं किती, हे उत्तर देणाऱ्याला कळायला हवं.

फुलपाखरू_वेडी

रोपवाटिकावाले मला आवडत नाहीत, पण ठीक.

ठाणेकर_वऱ्हाडी

अळीवरून आठवलं. २०२२ च्या पावसाळ्यातला तो फोटो किती जणांना आला होता? अळीचा क्लोजअप, आणि शेतात पडलेले दोघांचे मृतदेह. 'ही अळी चावली की पाच मिनिटांत मृत्यू, पुढे पाठवा.' आमच्या गावात बायका निंदायला जाईनात. अळी खरी होती, घोणस अळी. तिच्या अंगावरचे काटे टोचले की प्रचंड आग होते. काही शेतकऱ्यांना दवाखान्यात न्यावंही लागलं होतं. पण फोटोतले ते दोघे जळगाव जिल्ह्यात वीज पडून गेलेले होते, अळीशी त्यांचा संबंध नव्हता. कुणीतरी दोन फोटो शेजारी जोडले आणि राज्यभर भीती पसरली.

नाशिककर_सध्या_घाटकोपर

त्याच्या आधी टोमॅटो. मे २०२०, लॉकडाऊन चालू. फळांवर पिवळे-हिरवे-लाल पट्टे यायला लागले, शेतकरी त्याला तिरंगा व्हायरस म्हणू लागले. आता 'व्हायरस' हा शब्द त्या महिन्यात उच्चारायचा म्हणजे! लगेच बातम्या, फॉरवर्ड, टोमॅटो खाल्ल्याने माणसालाही होतो म्हणून. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेकडे नमुने गेले, त्यात कुकुंबर मोझॅक विषाणू निघाला. तो झाडांचा विषाणू, माणसाला होत नाही. पण अहवाल येईपर्यंत भाव पडायचा तो पडला. शेतकऱ्याने शेजाऱ्याला सावध करायला टाकलेला फोटो फिरत फिरत गिऱ्हाइकाच्या फोनवर गेला, आणि त्याच्याच मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हापासून आमच्या गावात रोग आला तरी लोक मोठ्या ग्रुपवर टाकायला कचरतात. हे नुकसान कुणी मोजत नाही.

गच्चीवाली_मुलुंड

हे वाचून थांबले जरा. मी 'लोक परत येऊन का लिहीत नाहीत' म्हणत होते, त्याचं हेही एक उत्तर आहे तर.

वसईचा_वाडीवाला

आणखी एक उत्तर सांगतो. ज्याचं पीक गेलं तो 'गेलं' म्हणून लिहायला कशाला येईल? हसं होतं. ज्याचं वाचलं तोच व्हिडिओ करतो. त्यामुळे ग्रुपवर सगळी औषधं शंभर टक्के यशस्वी.

डोंबिवलीचे_काका

वाडीवाले, लाख बोललात.

पण हे फोनने सुरू झालेलं नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार आठवतोय का कुणाला? गणिताचे प्राध्यापक. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी करणाऱ्यांपर्यंत लोक त्यात होते. स्वतः करून बघायचं, नोंद ठेवायची, आणि दुसऱ्या प्रयोगकर्त्याला कळवायचं. फसलेला प्रयोगही प्रयोगच, म्हणून तो सांगायला लाज नव्हती. आपल्या ग्रुपवर फोन आले, फोटो आले, पण नोंद ठेवायची सवय मागेच राहिली.

लोकलमधला_वाचक

शेतीचा एक गुंठा नसताना आमच्या चाळीत दूरदर्शनवरचं 'आमची माती, आमची माणसं' लागायचंच. वरळीच्या टॉवरवरून सरळ आमच्या अँटेनात. भुरी आणि करपा हे शब्द मला तिथूनच माहीत, आजतागायत दोन्ही पाहिलेले नाहीत.

ऐरोलीची_बाग

अ‍ॅप का वापरत नाही कुणी? प्लँटिक्सवर पानाचा फोटो काढला की रोगाचं नाव येतं, मराठीतही चालतं. सरकारचंही आता राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचं अ‍ॅप आहे, ऑगस्ट २०२४ ला सुरू झालं. निदान त्यात काका नाहीत.

डोंबिवलीचे_काका

अ‍ॅप वाईट नाहीत, मीही वापरतो. मुख्य पिकांवरच्या नेहमीच्या रोगांना त्यांचा डोळा चांगला बसलेला आहे. पण अ‍ॅपलाही पान उलटं करून दाखवावंच लागतं, आणि कुंडीचं भोक बुजलंय हे फोटोत येत नाही. अ‍ॅपने सांगितलेलं नाव घेऊन पुढे खात्री करायची. किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, सकाळी ६ ते रात्री १०. पालघरकडच्यांना कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, रोगट फांदी पिशवीत घालून न्या, ओली करू नका, नाहीतर पोहोचेपर्यंत नवीनच बुरशी येते. आणि महाराष्ट्रात २००९ पासून क्रॉपसॅप नावाने किडींचं सर्वेक्षण चालतं. मोठ्या पिकांवर कुठे काय वाढतंय ते त्यावरून कळतं. तुमच्या एका झाडापेक्षा तालुक्यात काय चाललंय हे कळणं कधी कधी जास्त उपयोगी असतं.

गच्चीवाली_मुलुंड

मी ग्रुपवर वर लावून ठेवायला एक मेसेज लिहिला आहे, बघा जमतोय का:

'फोटो टाकताना पूर्ण झाड, जवळून, आणि पानाखालून असे टाका. कुंडी की जमीन, झाडं किती, कधीपासून, पाणी किती, याआधी काय घातलं ते लिहा. उत्तर देणाऱ्यांनी आधी प्रश्न विचारा. कीटकनाशकाचं नाव लेबलवर ते पीक असेल तरच सुचवा, मिश्रणं सुचवू नका. घरगुती उपाय सांगितलात तर स्वतः कशावर करून पाहिला तेही सांगा. पंधरा दिवसांनी त्याच मेसेजला रिप्लाय करून काय झालं ते कळवा. फसलं असेल तरी.'

वसईचा_वाडीवाला

शाळेचा फॉर्म झाला हा. माझ्या बाजूचा एकही शेतकरी एवढं टाइप करणार नाही. हाताला चिखल असतो, ऊन असतं. आवाजी मेसेज चालू ठेवा. अर्ध्या मिनिटात माणूस सगळं सांगतो, आणि तुम्ही न विचारलेलंही सांगतो. 'परवा पाऊस झाला, त्यानंतर बाजूच्याने तणनाशक मारलं' हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात येणार? आणि माझ्या मते निदान तिथेच असतं.

ऐरोलीची_बाग

पण आवाजी मेसेज नंतर शोधता येत नाही ना. पुढच्या वर्षी तोच रोग आला की पुन्हा पहिल्यापासून.

वसईचा_वाडीवाला

मग कुणीतरी ऐकून दोन ओळी लिहून ठेवा.

चष्मेबहाद्दर

'कुणीतरी' या सभासदाला ग्रुपमध्ये अ‍ॅड करा कुणीतरी.

गच्चीवाली_मुलुंड

मी लिहीन. निदान या पावसाळ्यापुरतं. आवाज चालेल, पण फोटो पानाखालचा हवाच, त्यावर मी हटणार नाही.

फुलपाखरू_वेडी

आणि अळी दिसली तर आधी मला विचारा हे त्यात घाला.

माहीमची_सोसायटी

चर्चा सगळी वाचली, म्हणून नीट विचारते. सोसायटीत तीन नारळ, जमिनीत, जुने. झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या चक्राकार रेघा, मेणासारखं काहीतरी, वरून काळी काजळी. खाली उभ्या गाड्या चिकट होतात, म्हणून कमिटीत दोन गट: झाडं तोडा म्हणणारे आणि फवारणी करा म्हणणारे. फवारणीवाला आज दुपारी येणार आहे, कुठलंतरी कीटकनाशक मारणार. आतापर्यंत आम्ही काहीच घातलेलं नाही. फोटो तिन्ही प्रकारचे जोडले आहेत.

डोंबिवलीचे_काका

फोटो उत्तम. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. २०१६ मध्ये भारतात पहिल्यांदा तमिळनाडूत पोल्लाचीकडे सापडली, आता कोकणकिनाऱ्यावरही आहे. गाड्यांवरचं चिकट पाणी तिचंच, काजळी त्यावर आलेली. नारळ याने सहसा मरत नाही, तोडायचं काही कारण नाही.

आता एक बघून सांगा. एखादी खालची झावळी खिडकीतून किंवा जिन्यातून हाताशी येते का? माशीच्या पिल्लांची रिकामी पांढरी कवचं असतील, फोनने झूम करून बघा. कवचाला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर आहे, की सुबक गोल भोक?

माहीमची_सोसायटी

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातून एक झावळी हाताशी आली. दोन्ही आहेत. चिरा जास्त, पण गोल भोकंही बरीच दिसतायत.

डोंबिवलीचे_काका

चीर पाडून माशी बाहेर पडते. गोल भोक पाडून एनकार्सिया बाहेर पडते, ती माशीच्या पिल्लात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. म्हणजे तुमच्याकडे ती आपोआप आलेली आहे. कीटकनाशक मारलंत तर आधी ती मरेल आणि पांढरी माशी मागे उरेल. फवारणीवाल्याला कीटकनाशकाऐवजी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारायला लावा, झावळ्यांच्या खालून. चिकटपणा कमी होईल. आणि कापलेल्या झावळ्या दुसऱ्या सोसायटीच्या कचऱ्यात टाकू नका, त्यांच्याकडेही नारळ असतील.

माहीमची_सोसायटी

नुसत्या पाण्याचे तो तेवढेच पैसे घेईल का?

वसईचा_वाडीवाला

घेईल. पाणीही तुमचंच वापरेल. पण बोलावा.

गच्चीवाली_मुलुंड

माहीमच्या ताई, पंधरा दिवसांनी त्याच झावळीचा फोटो इथेच टाका. गोल भोकं वाढली की चिरा, तेवढं कळवा.